वीणेकऱ्याचा अंगठा

आधी मले एक सांगा, हे तुमी लिहून कायले राह्यले? कोनी पाठवलं का तुमाले? संस्थानातून तं नाई ना आले? नाई म्हनता, बरं. राग नोका मानू जी, माहा स्वभावच तसा हाये. माही बायको सुमन म्हनते का ह्या मानसाले दूध देल्लं तं हा दोनदा वास घेईन, मंग गाईकडं पाहीन, आनि मंग पेईन. म्हनू दे. संशयानं माहा आजवर फायदाच झाला, एकदाच तेवढं फसलो, आनि ज्याच्यावर संशय घेतला थो मानूस अजून माह्यासंगं बोलते हे त्याचं मोठेपन. थो मोबाइल उलटा ठेवा. हां, असा.

मी मूळचा अल्लीपूरचा. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, सालभर त्याच घरचं काम, पन गावच्या भजनी मंडळात त्याचा आवाज पह्यला, मोठमोठे पाटील त्याच्यामागं बसत, आनि मी त्याच्या धोतराले धरून टाळ वाजवत राहो. शाळा झाली थोडी, नाई झाली थोडी. बाप गेला, मंग मी वर्धेकडं आलो, पिपरीले खोली केली, जिनिंगात कापसाच्या गठानी उचलल्या, पाठ गेली कामातून. त्याच साली एका सप्त्यात मी गाऊन राह्यलो होतो तं आमच्या संस्थानाचे जुने महाराज, आता नाई थे, त्यायनं मले बोलावलं आनि म्हने, शालिक, तुहा आवाज दमत नाई बुवा, वीणा घेतो का गळ्यात? संस्थानाचं नाव मी सांगत नाई, तुमीबी लिहू नोका. वर्धा जिल्ह्यात अशे लय संस्थानं हायेत, लोकं आपआपलं समजून घेतील.

आता वीणा म्हंजे काय थे तुमाले सांगतो, तुमी शहरातले दिसता. आमच्या संस्थानात वीणा कधी खाली ठेवत नाई. कधीच नाई. दिवस असो का रात, कोनाच्या तरी गळ्यात ती राहते, आनि ज्याच्या गळ्यात हाये तो उभा राहते, तारा छेडत राहते, नाव घेत राहते. बसायचं नाई, खांबाले टेकायचं नाई. दोन तासाचा एक पहारा. येनारा येते, तो आमच्या पाया पडते, आमी त्याच्या पाया पडतो, गळाभेट होते, बुक्का लागते, आनि वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. येनारा नाई आला तं? तं उभे राहा. दुसरा गळा येत नाई तोवर ती तुमची. आनि कोनी तुमच्यापुढं वीणा केली तं नाई म्हनता येत नाई, थे पाप हाये, मंग तुमी कोनीबी असा. रातीचे वीणेकरी दोघं वेगळे होते, दिवसाचे दोघं म्हंजे मी आनि वासुदेव. तो सेलूकडचा, माह्यापेक्षा थोडा लहान, बोलनं कमी. काय इचारलं तं हासते. अशा मानसावर माहा पह्यलेपासूनच डोळा असते, जो बोलत नाई त्याच्या पोटात काय हाये हे कसं कळन?

कित्येक सालं आमचं अस्संच चाललं. तास कोन मोजते? मंडपात एक घड्याळ होतं, थे कधी पुढं कधी मांगं, वासुदेव आला का माहा पहारा सुटला, येवढंच. महिन्याले काई भेटे, त्याले पगार म्हनत नव्हते, मानधन म्हनत. कोठीतून तांदूळ-दाळ भेटे, त्याले परसाद म्हनत. मले त्याचं काई वाटत नव्हतं जी. खरं सांगू का, पह्यल्या पह्यल्यानं तं मले वाटे का जिनिंगातून सुटून मी सरगात आलो.

मंग पाय दुखाले लागले. पोटरीवर शिरा उठल्या, निळ्या, जाड, रातच्याले सुमन तेल चोळे आनि म्हने, हे काई तेलाचं काम नाई, दवाखान्यात चला. गेलो सावंगीकडं. तिथं एक डाक्टरीन होती, पोरगीच म्हना, माह्या पोरीच्या वयाची. तिनं इचारलं, काका, काम काय करता, उभ्याचं काम हाये का? मी म्हनलं, काम नाई करत मॅडम, सेवा करतो. ती हासली नाई. तिनं शिरेवर बोट दाबलं आनि म्हने, काका, शिरेले थे कळत नाई. मंग म्हने, किती तास उभे राहता? आता काय सांगू तुमाले, मले सांगताच आलं नाई. मी म्हनलं, वीणा असते तोवर. ती म्हने, आपरेशन करा, नाई तं जखम होईन, मंग उभं राहनंच बंद होईन. खर्च इचारला आनि मी गुपचूप चप्पल शोधाले लागलो. घरी येईपर्यंत एकच भेव होतं, उभं राहनं बंद झालं तं मी काय करीन? गठानी उचलू शकत नाई, दुसरं काई येत नाई, आनि वीणा बसून घेता येत नाई.

त्याच मौक्यावर संस्थानात कोल्हेसाहेब आले. नवे व्यवस्थापक. हिंगनघाटकडं एका मिलमध्ये त्यायनं जिंदगीभर लोकायचा टाइम पाह्यला होता, कोन कवा आलं, कोन कवा गेलं. मिल बंद पडली आनि देवानं त्याले आमच्याकडं पाठवलं. मानूस कसा, तं बारीक, पांढरी प्यांट, जेवताना बी घड्याळाकडं पाहे. त्यायनं आमाले सगळ्याले जेवनाच्या हालमध्ये बसवलं, सैपाकाच्या बाया, झाडनारे, गेटावरचे, पुजारी, आमी. म्हने, कामगार हापिसातून इचारना आली हाये का तुमच्या संस्थानात कर्मचारी कोन आनि भक्त कोन. आता सगळ्यायचे तास मोजाचे. अंगठ्याची मशीन लागन. ज्याचे तास भरतीन त्याचं नाव कायम यादीत, आनि त्याले दवाखान्याचं कार्ड, त्याचं आपरेशन-बिपरेशन सगळं त्या कार्डावर.

मले असं झालं का आत्ताच उठून अंगठा लावाव. आनि लगेच संशय आला. येवढे सालं कोनी इचारलं नाई आनि आज एकदम कार्ड? काऊन बाप्पा? हे मोजतात थे देन्यासाठी का काढन्यासाठी? माह्या बाजूले गेटावरचा गौतम बसला होता. गौतम मेश्राम, आमचा दोस्त, दिवसभर गेटावर दांडा घेऊन उभा. मी त्याच्या कानात म्हनलं, लेका, ह्याच्यात काई तरी हाये. तो म्हने, असन तं असन, तू अंगठा लाव. मी म्हनलं, पन माहं काम हाये का सेवा हाये? तो म्हने, हे पाय शालिकबुवा, रइवारी मी आमच्या विहारात झाडू मारतो, त्याचा मी एक पैसा घेत नाई, कोनी देल्ला तं भांडीन. इथं गेटावर उभा राहतो, त्याचा पैसा घेतो, नाई देल्ला तं भांडीन. मले फरक कळते. तुले कळते का नाई थे तू पाय.

मले कळत नव्हतं जी, हीच तं गोष्ट हाये. पहाऱ्याचा पह्यला अर्धा तास देव राहते. खरंच राहते, डोळे मिटले का बाप दिसते, गाव दिसते, आंगावर काटा येते. त्याच्यापुढं पाय राहते. निस्ते पाय. तोंडानं नाव चालू राहते आनि मनात येत राहते, वासुदेव कुठं मेला. आता ह्याच्यातलं काम कोनतं आनि भक्ती कोनती, कोल्हेसाहेबाची मशीन सांगन का?

मशीन लागली हापिसाच्या दारात. हापिस म्हंजे मंडप सोडला, पटांगन ओलांडलं, का त्या टोकाले. पह्यल्या दिवशी सैपाकाच्या बाया अंगठा लावाले तयार नाई, म्हने अंगठा देल्ला का बँकेतलं जाते. मीबी मांगंच उभा होतो, म्हनलं पह्यले ह्यायचं काय होते थे पाहू. कोनाचं काई गेलं नाई, मंग मी लावला. तवा अर्धं मन अंगठ्यावर आनि अर्धं कार्डावर.

महिना झाला नाई तं कोल्हेसाहेबानं मले आनि वासुदेवले बोलावलं. चेहरा कडक. म्हने, वीणा किती हायेत? मी म्हनलं, एक. म्हने, मंग एका वीणेवर दोन मानसं कशी? रोज, दर पहाऱ्याले, शालिकराम अजून ड्युटीवर आनि वासुदेव बी ड्युटीवर, हा काय प्रकार हाये? मिलमध्ये एका मागावर दोन मानसं दाखवली असती तं दोघंबी घरी गेले असते. वासुदेव हासला. थे पाहून माहं डोकं तापलं. कारन मले आता समजलं होतं, हा लेकाचा येऊन अंगठा लावून घेते आनि मंग मले उभं ठेवून कुठं तरी बसते, चहा पेते, तास त्याच्या नावावर आनि शिरा माह्या पायावर! हापिसाच्या भाईर आलो आनि त्याले म्हनलं, काऊन रे, चोरीच करायची होती तं दुसऱ्या घरी कराची होती, देवाच्या घरी कायले? ह्या खेपेले तो हासला नाई, निंगून गेला.

मी म्हनलं, आता ह्याले हातोहात पकडतो. दुसऱ्या दिवशी रातच्यापैकी एक वीणेकरी दिवसा मोकळा होता, त्याच्या हातापाया पडून माही वीणा त्याले देल्ली आनि भोजनालयाच्या भिंतीआड जाऊन उभा राह्यलो. वासुदेव आला. अंगठा लावला. पटांगनात उन्हानं फरशी तापली होती म्हनून पायात चप्पल. तो चालत चालत नळावर गेला. म्हनलं, आता तोंड धुईन, मंग टपरीवर जाईन. नाई. त्यानं चप्पल काढली, पाय धुतले. एक पाय, मंग दुसरा, बोटायच्या मंधात बोट घालून, टाचा घासून. चामड्याची चप्पल घालून आलेल्या पायानं वीणेपुढं कसं जाव? म्हनून धुतले. मंग उपरन्यानं पुसले, मंग गोपीचंदन लावलं, मंग हात जोडले, मंग मंडपात गेला. पूर्वी तो घरून येऊन सरळ नळावर जाये आनि मंग मंडपात, तवा कोनी मोजत नव्हतं. आता मंधात मशीन आली, ती चप्पल काढाच्या आधी, आनि पाय धुवाचा वेळ कोनाचा थे कोनालेच माहीत नाई. मीबी रोज तेच करत होतो, पन आपलं आपल्याले कुठं दिसते?

आनि आनखी एक पाह्यलं. त्यानं धोतर वर केलं तं पोटरीवर शिरा. निळ्या. माह्यासारख्याच. मले लाज वाटली जी, खरंच लाज वाटली. त्याच्यापाशी जाऊन म्हनलं, वासुदेवा, तू सांगतलं काऊन नाई? तो म्हने, तू इचारलं कुठं? तू तं सांगतलं का मी चोर हाओ.

गेलो दोघंबी कोल्हेसाहेबाकडं. म्हनलं, साहेब, पाय धुनं ड्युटीत धराचं का नाई? त्यायनं चष्मा काढला. म्हने, मिलमध्ये कपडे बदलाचा वेळ धरत नव्हते. मी म्हनलं, मिलमध्ये पाय न धुता मागापुढं जाता येत होतं, इथं जाता येत नाई. लय इचार केला बिचाऱ्यानं. आनि मंग नियम काढला का जानाऱ्यानं आधी अंगठा लावाव, मंगच येनाऱ्यानं लावाव, एका वेळी एकच मानूस ड्युटीवर. बरं म्हनलं. पन वीणा? वीणा माह्या गळ्यात, मशीन पटांगनाच्या त्या टोकाले, आनि वासुदेव माह्या अंगठ्याआधी कामावरच नाई तं वीणा घेईन कसा? खाली तं ठेवता येत नाई. मंग काय, मी वीणा घेऊनच निंगालो.

अहो काय तमाशा झाला म्हनून सांगू! वीणा मंडपातून भाईर निंगाली म्हनल्यावर लोकं उठले. मांगं टाळ घेऊन एक-दोघं म्हातारे लागले. पटांगनातले लोकं बाजूले सरून हात जोडून राह्यले. मी गात गात मशीनीपाशी, अंगठा लावला, मशीनीतली बाई बोलली, धन्यवाद. लोकायनं जयजयकार केला. मंग वासुदेवनं अंगठा लावला, पुन्हा धन्यवाद, पुन्हा जयजयकार. तिथंच पाया पडनं, गळाभेट, बुक्का, आनि वीणा वाजत गाजत परत मंडपात. दर दोन तासाले! आठवडा गेला नाई तं बाया मशीनीले बी हात जोडाले लागल्या. वीणा जिथं जाऊन थांबते थे काई तरी असनच ना? कोनी हळद-कुंकू लावलं, कोनी फुल खोसलं, एकीनं तं काचेवर कुंकवाचं बोट ओढलं, आनि मशीनले कोनाचाच अंगठा दिसनं बंद झालं. कोल्हेसाहेब ओल्या फडक्यानं मशीन पुसत होते आनि एक म्हातारी त्यायले म्हने, पुजारीबुवा, तीर्थ द्या. गौतम गेटावर येवढा हासला का त्याचा दांडा पडला.

मंग साहेबानंच हात टेकले आनि मशीन मंडपातल्या खांबावर आनून लावली, वीणेच्या हाताच्या अंतरावर. पाय धुवाचा वेळ बी त्यायनं ड्युटीत धरला, म्हने लिहितो मी, पाहू कोन काय म्हनते थे. तवापासून मले तो मानूस थोडा बरा वाटाले लागला. थोडाच.

आता तास बरोबर मोजाले लागले. वासुदेवची माय बिमार पडली, तो नाई आला, मी उभा. उत्सव आला, रातचे दोघं पंगतीत वाढाले, आमी उभे. मशीन सगळं धरत गेली. एक दिवस कोल्हेसाहेबानं मले बोलावलं आनि बसा म्हने. मले खुर्ची देल्ली तवाच मी समजलो का काई तरी गडबड हाये. म्हने, शालिकराम, मी मिलमध्ये बी येवढे तास उभा राहनारा मानूस नाई पाह्यला. तुमचे तास तं भरले, वरून सांडले. म्हने, दोघायचं नाव मी वर पाठवलं. घरी येऊन सुमनले सांगतलं, आपरेशन होईन. ती रडाले लागली. मीबी रडलो. पन झोपताना तिले म्हनलं, जास्त हासू नोको, अजून कार्ड हातात नाई.

आनि तस्संच झालं. पंधरवडा गेला असन, सकाळी अंगठा लावला तं मशीनीतली बाई म्हने, कृपया पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा लावला. पुन्हा तेच. वासुदेवचं बी तेच. झाडनाऱ्याचं लागते, सैपाकाच्या बायायचं लागते, फक्त आमचं नाई. साहेबाले इचारलं तं थे नजर चुकवत म्हने, वरून आलं, वीणेकरी हे कर्मचारी नाई, थे देवाचे हायेत, त्यायचं मोजमाप करनं बरं दिसत नाई म्हने. मी म्हनलं, साहेब, तास जास्त झाले म्हनून का? तो मानूस खिडकीकडं पाहत राह्यला. बोलाले पायजे होतं त्यानं. पन त्याचीबी नोकरी होती.

त्याच्या दोन दिवसानं आमच्या अध्यक्षसाहेबायचा निरोप आला का पुढच्या उत्सवाच्या दिवशी दुपारी मंडपात शालिकबुवाचा सत्कार हाये. शाल, श्रीफळ, हार. आनि माइकवर दोन शब्द बोलाचे. अध्यक्षसाहेब म्हंजे मोठे मानूस, शहरात दुकानं हायेत, वर्षातून दोन-तीनदा येत, महाराजाच्या पादुकेले हात लावत आनि गाडीत बसत. वाईट मानूस नाई, कधी कोनाले टाकून बोलले नाई. निरोप घेऊन आलेला मानूस म्हने, बुवा, येवढंच बोला का मी हे सेवा म्हनून करतो, मले काई नको. आपन त्याचं रेकार्डिंग करू.

सुमन खुश झाली, धोतर धुवाले काढलं. माह्या मात्र डोक्शात भुंगा. येवढ्या सालात माह्या हातात कोनी माइक नाई देल्ला, आजच काऊन? आनि मी काय बोलाचं थे आधीच कोनी ठरवलं? गौतमले सांगतलं तं तो म्हने, शाल पांघरून थे तुह्याकडून लिहूनच घेऊन राह्यले समज. एकदा तू बोलला का मले काई नको, मंग जिंदगीभर तुले काई नाई. मी म्हनलं, मंग काय करू, सत्काराले नाई म्हनू? तो म्हने, थे मले नाई माहीत, मी गेटावरचा मानूस हाओ.

उत्सवाच्या दिवशी मंडप भरला होता. दुपारचा पहारा माहा, वीणा गळ्यात, डाव्या हातानं वीणा धरलेली, उजव्यात चिपळ्या. पहारा संपत आला तवा अध्यक्षसाहेब पुढं आले, मांगं शालीचं ताट, कॅमेरावाला, सगळे. माइक माह्या तोंडापुढं धरला. खोटं नाई सांगत, मले वाटलं, थे म्हनतात थे बोलून टाकाव, देवाच्या दारात भांडन कायले? तेवढ्यात अध्यक्षसाहेब शाल उघडत म्हने, बुवा, हात मोकळे करा.

आनि माह्या तोंडून आपोआप निंगालं, साहेब, हात मोकळे कराचे तं वीणा कोनी घ्याव लागते. माइकवर सगळ्यायनं ऐकलं, लोकं हासले. साहेब म्हने, ज्याचा नंबर हाये त्याले बोलवा. मी वासुदेवकडं पाह्यलं. तो तिकडं नळावर पाय धूत होता. मी साहेबाकडं पाह्यलं, त्यायचे पाय धुतलेले, सोवळं नेसलेलं, कपाळाले गंध. म्हनलं, मंग तुमीच घ्या. आनि वीणा त्यायच्यापुढं केली.

मांगून एका बाईनं जयजयकार केला आनि सगळा मंडप उठला. नाई म्हनता येते का कोनाले? साहेबानं इकडं तिकडं पाह्यलं आनि मान वाकवली. मी रीतीनं सगळं केलं जी, त्यायच्या पाया पडलो, थे माह्या पाया पडले, गळाभेट झाली, बुक्का लावला, वीणा गळ्यात घातली, चिपळ्या हातात देल्ल्या. मंग खांबापाशी गेलो आनि मशीनवर अंगठा ठेवला. कृपया पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा ठेवला. कृपया पुन्हा प्रयत्न करा. माइक जवळच चालू होता, साऱ्या मंडपात ती बाई बोलत राह्यली. मी लोकायकडं पाहून येवढंच म्हनलं, माहा पहारा झाला, पन मशीन धरत नाई. शाल न घेता भाईर येऊन गौतमच्या बाजूले गेटावर बसलो. गौतमनं पानी देल्लं. म्हने, शालिकबुवा, आज तुही नोकरी गेली. मी म्हनलं, नोकरी कुठं होती?

तिकडं साहेब उभे. पह्यले थोडा वेळ डोळे मिटून चांगलं नाव घेतलं त्यायनं, आवाज बी बरा लागला. मंग वासुदेवच्या वाटेकडं पाहाले लागले. वासुदेव पाय धूत होता. मंग ह्या पायावरचा भार त्या पायावर, त्या पायावरचा ह्या पायावर. वासुदेव पाय धूत होता. मंग खांबाकडं सरकले तं बाजूची म्हातारी म्हने, साहेब, टेकू नोका, वीणा गळ्यात हाये. कॅमेरावाला बी सगळं घेत होता, त्याले बंद कर म्हनाले कोनाजवळ तोंड नव्हतं. मले हासू यायले पायजे होतं, नाई आलं. कीव आली. गेटातून मले त्यायचे पाय दिसत होते, गोरे, नरम, आनि थरथरत होते. वासुदेवनं गोपीचंदन लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. अर्धा पहारा तं सहज झाला असन, तवा तो हात जोडत मंडपात शिरला. साहेबानं वीणा देल्ली आनि तिथंच, फरशीवर, ताटाच्या बाजूले बसले. शाल ताटातच होती.

त्यानंतर कोनी काई बोललं नाई. मले काढलं नाई, रागावले नाई, माफी-बिफी तं दूरची गोष्ट. उत्सव सरल्यावर एक दिवस कोल्हेसाहेबानं आमाले दोघाले बोलावलं आनि म्हने, अंगठे पुन्हा द्या. मी म्हनलं, वरून आलं का? म्हने, हो, वरून आलं. आनि पह्यल्यांदा तो मानूस घड्याळाकडं न पाहता हासला. कार्ड आलं तवा मी थे दवाखान्याच्या दोन खिडक्यायवर दाखवून खात्री केली, सुमन म्हने पुरे आता. उजव्या पायाचं आपरेशन झालं, डाव्याचं बाकी हाये. तीच डाक्टरीन होती. तिनं पुन्हा इचारलं, काका, काम काय करता? मी म्हनलं, वीणेकरी हाओ, नोकरी हाये, उभ्याची.

मी पडून होतो तवा माहे पहारे वासुदेवनंच सांभाळले. भेटाले आला तं त्याले इचारलं, लेका, त्या दिवशी येवढा वेळ पाय धूत होता, खरं सांग, मुद्दाम का? तो म्हने, पाय लय मळले होते. बस. आनि हासला. आजवर तेवढंच सांगते. माहा त्याच्यावर पुरा संशय हाये, पन हा संशय मले गोड लागते. आता त्याचा नंबर हाये आपरेशनचा, मीच मांगं लागून त्याचं कार्ड काढाले लावलं.

चला, उठतो जी, त्याचा पहारा संपत आला असन, आनि उभ्या मानसाले घड्याळ कसं दिसते थे मले माहीत हाये. देव तुमचं भलं करो, बसून लिहिता थे बरं हाये, पन मंधातून उठत जा, पाय हालवत जा. निंगताना सुमन रोज सांगते, पह्यले अंगठा लावजो. लावतो ना. पन सांगतो तुमाले, मी पाय धुतो, सरळ जाऊन आधी वासुदेवच्या गळ्यातली वीणा घेतो, त्याले मोकळं करतो, डोळे मिटून थोडा वेळ नाव घेतो, आनि मंग खांबाकडं अंगठा करतो. तेवढा वेळ कोनी नाई मोजला तं चालते. तेवढा माहा आनि देवाचा. पन हे लिहू नोका, नाई तं उद्या म्हनतीन का सगळाच वेळ देवाचा होता.